चाळिशीनंतर ड्रेडलॉक्स: क्रोशाची सुई लावण्याआधीचे चार महिने

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४९. राहायला वाघोलीला, सोसायटीत टँकरचं पाणी. केस खांद्याच्या चार बोटं खाली. निम्मे पांढरे, म्हणून दर तीन आठवड्यांनी मेंदी. लहानपणापासून रोज खोबरेल. वर्षभरापासून पाळी मागेपुढे होतेय आणि भांग जरा रुंद वाटतोय. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, आता स्वतःसाठी काहीतरी करायचं आणि ते ड्रेडलॉक्सच, म्हणजे क्रोशाच्या सुईने केस आत ओढून, गुंतवून केलेल्या दोरखंडासारख्या बटा, असं ठरवलंय. सासूबाई म्हणतात, ‘घरात जट आणू नकोस.’ आणि तुम्ही विचारलंय एवढंच, की आधी केस कसे तयार करू, शाम्पू कोणता लावू.

शाम्पूचं सांगते, पण जरा पुढे. सोळा वर्षं हे काम करतेय. शिकले गोव्यात हरमलला, सीझनमध्ये किनाऱ्यावर बसून लॉक्स करणाऱ्यांच्या हाताखाली. आता पुण्यात करते. हरमलला समोर बसायची ती विशी-पंचविशीची मुलं. महिना-महिना समुद्रात डुंबलेले, तेलाचं बोट न लागलेले, खाऱ्या वाऱ्याने राठ झालेले केस. दोन तासांत गाठ धरायचे. त्या केसांना तयारी लागतच नाही. आपल्या घरातल्या पन्नाशीकडे झुकलेल्या बाईचे केस आणि तिच्या डोक्याची त्वचा, ही वेगळी गोष्ट आहे. तिथे पहिलं काम असतं त्वचा आणि मुळं तपासण्याचं, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. मी चार महिने सांगते. आज सुरुवात केली तर ऐन थंडीत तुमचे लॉक्स होतील, आणि तेच बरं. पावसाळ्यात नवे लॉक्स कधीच करू नका. आतून वाळत नाहीत, कुबट वास धरतात, आणि एकदा आत बुरशीचा वास बसला की तो काढता काढता जीव जातो.

आता मुळांकडे येते, कारण तुम्ही ‘भांग जरा रुंद वाटतोय’ हे वाक्य सहज लिहून गेलात आणि माझी नजर तिथेच अडकली.

माणसाचे रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. एरवी ते कंगव्यात, उशीवर, न्हाणीघराच्या जाळीवर दिसतात. लॉक केल्यावर ते गळतात, पण बाहेर पडत नाहीत. त्या बटेतच अडकून राहतात आणि लॉक हळूहळू जाड होत जातो. मुळाशी त्या जागेवर नवे केस येत राहिले तर सगळं ठीक. पण येणाऱ्यांपेक्षा जाणारे जास्त झाले, तर दोरखंड जाड होत जातो आणि ज्या खुंटीला तो बांधलाय ती बारीक. वर्षभर काही कळत नाही. मग एक दिवस आरशात दिसतं, की बोटाएवढा लॉक दहा-बारा केसांवर लोंबतोय.

हे मी पाहिलंय, आणि चूक माझी होती. एक बाई आल्या होत्या, वय ५१. डेंग्यूतून उठून दोन महिने झाले होते. आजारपणात आयुष्याचा विचार केला, म्हणाल्या, आता थांबायचं नाही. त्यांचा उत्साह बघून मलाही थांबवावंसं वाटलं नाही. तापानंतरची केसगळती दोन-तीन महिन्यांनी सुरू होते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी बसवलं आणि दोन दिवसांत ४८ लॉक्स केले. पुढच्या तीन महिन्यांत गळती जोरात सुरू झाली, ती सगळी लॉक्सच्या आत. आठव्या महिन्यात कपाळाच्या वरचे सहा लॉक्स मुळाशी इतके बारीक झाले की मला ते कापून द्यावे लागले. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मी कापलेले सहा लॉक्स वर्तमानपत्रात गुंडाळत होते आणि त्या आरशात बघत होत्या. तेव्हापासून मोठा ताप, शस्त्रक्रिया, घरातला मोठा धक्का यानंतर सहा महिने मी कुणाला हात लावत नाही.

म्हणून पहिला महिना त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्याचा. ऋतुनिवृत्तीच्या आगेमागे केस विरळ होणं सर्रास होतं, पण त्यामागे थायरॉइड आहे, रक्त कमी आहे, लोह, बी-१२ की ड जीवनसत्त्व, हे अंदाजाने सांगता येत नाही. डॉक्टर सांगतील त्या तपासण्या करून घ्या. घरीही एक चाचणी करता येते. एक-दोन दिवस न न्हायलेल्या केसांतले पन्नास-साठ केस अंगठा आणि दोन बोटांत धरा आणि मुळापासून टोकापर्यंत हलक्या हाताने ओढत या. डोक्याच्या चार-पाच ठिकाणी करा. प्रत्येक वेळी दोन-तीन केस आले तर काळजी नाही. सहाच्या वर आले तर गळती सुरू आहे आणि लॉक्सचा विषय तूर्त मागे ठेवायचा. डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढायला त्वचेला लावायचं औषध, सुरू केलं, तर त्याच्या पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी दिसते. तो काळ सरू द्या, मग बघू. लॉक्स असतानाही ते त्वचेला लावता येतं, पण दोन्ही एकदम सुरू करायचं नाही.

भांगाच्या रेषेवर केस खरोखरच विरळ होत असतील तरी सगळं संपलं असं नाही. आखणी बदलते. भारतीय केसांच्या डोक्यावर मी साधारण ४५ ते ५५ लॉक्स करते, इंचभर चौकोनाचे. विरळ जागी चौकोन मोठे धरायचे आणि लॉक्सची संख्या कमी करायची, ३५-४० वर आणायची. लोकांना उलट वाटतं, की बारीक बारीक पुष्कळ केले तर डोकं भरलेलं दिसेल. दिसतं, सहा महिने. मग प्रत्येक मुळावर ताण येतो. चौकोन विटांच्या बांधकामासारखे पाडायचे, एकाखाली एक रेघ न येता, म्हणजे मधली त्वचा उघडी दिसत नाही. आणि कपाळाकडचे, कानशिलावरचे कोवळे केस लॉकमध्ये घ्यायचेच नाहीत, मोकळे सोडायचे. तिथले केस सततच्या ओढीने एकदा कायमचे गेले की परत येत नाहीत. तुम्ही घट्ट अंबाडा घालणाऱ्यांतल्या असाल तर तो आजपासून सैल करा.

त्वचेवर कोंडा असेल तर तोही याच महिन्यात मिटवायचा. साधा कोरडा कोंडा वेगळा आणि तेलकट, पिवळसर, खाज आणणारा वेगळा. दुसऱ्यासाठी डॉक्टर बहुतेक वेळा किटोकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाचा शाम्पू देतात. तो डोक्यावर तीन ते पाच मिनिटं ठेवायचा असतो आणि आपण अर्ध्या मिनिटात धुऊन टाकतो, म्हणून गुण येत नाही. लॉक्स झाल्यावर खपल्या निघायला वाट राहत नाही. त्या मुळाशी अडकतात आणि पांढऱ्या ठिपक्यांसारख्या आतच राहतात. सोरायसिस असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय माझ्याकडे येऊ नका.

आता तेल. खोबरेल सोडा म्हटलं की समोरच्या बाईचा चेहरा उतरतो. मला समजतं ते. आईने पाटावर बसवून डोक्यावर थापलेलं तेल असतं ते. खोबरेलाचा गुणच असा की ते इतर तेलांपेक्षा केसाच्या आत जास्त मुरतं. एरवी हे चांगलं, पण लॉक बनतो केसावर केस घासून, अडकून, आणि तेलकट केस एकमेकांवरून सुळकन सरकतात. सुईने कितीही आत ओढा, दुसऱ्या दिवशी बाहेर. म्हणून लॉक्सच्या आधी सहा आठवडे तेल पूर्ण बंद. आधी नाही. पहिले अडीच महिने खुशाल लावा, केस चिवट राहू देत.

तेलासोबत सीरम आणि कंडिशनरही बंद. बाटलीमागची यादी वाचा. ज्या नावाच्या शेवटी ‘कोन’ किंवा ‘कोनॉल’ येतं, डायमेथिकोनसारखं, ते सिलिकोन. ते केसावर गुळगुळीत थर धरतं. ‘टू इन वन’ शाम्पूंत ते बहुतेकदा असतं.

मग शाम्पू. या सहा आठवड्यांतले पहिले चार आठवडे क्लॅरिफाइंग (केसावर साचलेला थर काढणारा) लिहिलेला कुठलाही साधा, पारदर्शक शाम्पू, आठवड्यातून दोनदा. पांढरा, मोतीदार, दाट शाम्पू नको. शाम्पू थेट डोक्यावर न ओतता मगभर पाण्यात कालवून घ्या आणि दोनदा लावा. पहिल्या वेळी फेस येत नाही, ते तेलामुळे. दुसऱ्या वेळी आला की समजायचं उतरतंय. शेवटचे दोन आठवडे सौम्य शाम्पूवर या, कारण या वयात त्वचेचं स्वतःचं तेल कमी झालेलं असतं आणि फार धुतलं की केस तुटतात. तुटक केसांचा लॉक कुरतडलेल्या सुतळीसारखा दिसतो. बेकिंग सोड्याने धुण्याचा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. ऐकू नका. त्वचेला किंचित आम्लता मानवते, सोडा अल्कधर्मी आहे, केसाचे खवले उचकटतो. हरमलला आम्ही समुद्राच्या पाण्याचा फवारा मारायचो, तेही कोरड्या, रंगवलेल्या केसांवर मी आता करत नाही.

शिकेकाई-रिठ्यावर तुमचा भरवसा असेल तर रिठ्याचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून वापरा, चालेल. शिकेकाईची पूड मात्र नको. लॉक्स झाल्यावर तर कुठलीच पूड डोक्याला लागता कामा नये. शिकेकाई, मुलतानी माती, बेसन, सगळं आत जाऊन बसतं. एकदा एक लॉक मी मधोमध कापून पाहिला होता. बाहेरून काळाभोर, आत पेन्सिलीच्या शिशासारखी हिरवट-तपकिरी रेघ. दोन वर्षांपूर्वीची मेंदी होती ती.

त्यावरून तुमच्या मेंदीकडे येते. मेंदीचा रंग केसाला घट्ट बसतो, तो काढायची गरज नाही. मेंदीने केस जरा खरबरीत होतात, ते सुईला उलट बरं. प्रश्न पुढचा आहे. लॉक्सवर मेंदीचा लगदा थापता येणार नाही, म्हणजे दर तीन आठवड्यांचा कार्यक्रम बंद. बाजारातल्या काळ्या डायने मुळं रंगवता येतात, पण तोही नीट धुतला जात नाही आणि त्यातल्या पीपीडी या रसायनाची अ‍ॅलर्जी उठली तर लॉक्सच्या खाली औषध लावणं म्हणजे हाल. तेव्हा आत्ताच ठरवा, पांढरे घेऊन जगायचं का. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. आज मेंदी थांबवली तर चार महिन्यांत पाच सेंटीमीटर चांदी दिसेल. ती घेऊन लग्नाला जा, हळदीकुंकवाला जा. लोक बोलतील ते ऐकून घ्या. पांढरे सोसवले तर लॉक्सही सोसवतील. माझ्या अनुभवात बऱ्याच जणींना लॉक्सपेक्षा हेच जड गेलं. आणि माझं मत विचाराल तर मुळाशी रुपेरी आणि टोकाला मेंदीचा तांबूस असा लॉक फार देखणा दिसतो. पांढरा केस कधीकधी तारेसारखा ताठ निघतो, लॉकमधून बाहेर डोकावतो, त्याला दोन-तीनदा जास्त सुई लावावी लागते, एवढंच.

टँकरच्या पाण्याचं सांगते. बहुतेकदा ते बोअरचं असतं, जड. क्षार केसावर बसतात आणि त्यांचा थर धरतो. शेवटचा मग फिल्टरच्या पाण्याचा घ्या, त्यात लिटरला दोन चमचे व्हिनेगर. केस स्वच्छ झाले का, हे कसं ओळखायचं? शेवटचं धुतलेलं पाणी पांढऱ्या बादलीत धरा. खाली बघा, गढूळ आहे का. मग केस पूर्ण वाळल्यावर दोरा ओवायला पीळ देतो तशी एक बारीक बट अंगठा आणि तर्जनीमध्ये दहा-पंधरा वेळा खालीवर चोळा. बोट सोडल्यावर बट सरळ सुटली तर अजून तेल आहे. बोटाखाली किंचित करकरली आणि मधे गुंत्याची कणी राहिली, तर तुमचे केस तयार आहेत.

लांबी तुमची पुरेशी आहे. कमीत कमी १५ सेंटीमीटर लागते, आणि लॉक झाल्यावर केस आखडतात, तेव्हा खांद्याखालचे केस खांद्याच्या वर येतील हे धरून चाला. शेंडे आधी कापायची गरज नाही.

उवा-लिखा तपासा. हसू नका, नातवंडं किंवा भाचवंडं येत-जात असलेल्या घरात कुणालाही होतात. लॉक्स झाल्यावर फणी फिरणार नाही. दोन आठवडे आधी बारीक फणीने ओले केस विंचरून पाहा. सापडल्या तर औषध लावून सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावायचं, कारण लिखा फुटायला तेवढे दिवस लागतात.

मान. हे विशीतल्या मुलांना मी विचारत नाही, तुम्हाला विचारते. स्पाँडिलायटिसचा त्रास असेल तर मोठा पंचा भिजवून, अर्धवट पिळून डोक्याला गुंडाळा आणि अर्धा तास घरात वावरा. न्हाल्यावर लॉक्स पाणी धरून ठेवतात, ते ओझं तसं असतं. मान भरून आली तर लांबी मर्यादित ठेवू, खांद्यापर्यंतच. स्कूटर चालवत असाल तर आत्ताचं हेल्मेट बहुधा बसणार नाही. लॉक्सचा अंबाडा वर बांधून त्यावर हेल्मेट टेकवणं हा जिवाशी खेळ आहे. मानेवर सैल बांधायचे, आणि एक माप मोठं हेल्मेट आधीच बघून ठेवायचं. लॉकमध्ये धातूचे मणी घालायची हौस असेल तर निघणारेच घाला, या वयात एमआरआयची वेळ कधीही येते.

पुरुष येतात तेव्हा मी आणखी एक विचारते. आईवडील हयात आहेत का, आणि तुमच्यात क्षौर करतात का. विचारताना अवघड वाटतं. पण तीन वर्षांचे लॉक्स असलेला माणूस वडील गेल्यावर नाभिकासमोर बसला आणि घरात त्या दिवशीही त्यावरूनच कुजबुज झाली, असं मला एकाने सांगितलं होतं. ज्याने त्याने आधी मनाशी ठरवलेलं बरं.

आता सासूबाई. त्यांना ‘जुन्या विचारांच्या’ म्हणून बाजूला करू नका. त्या जे म्हणतात त्यामागे आपल्या मुलखाचं खरं दुःख आहे. केसांत गुंता झाला, चिकटला, की सौंदत्तीच्या यल्लम्माची हाक आली म्हणायचं. मग विंचरायचं नाही, कापायचं नाही, कापलं तर घरावर कोप. किती बायकांनी ते ओझं आयुष्यभर वाहिलं, किती जणींना त्यापायी देवीला सोडलं गेलं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं गावोगाव फिरून, घरच्यांना समजावून, भीती घालवून जटा कापत आले आहेत.

एकदा अशा कामात मदतीला मीही गेले होते, केसांचा हात आहे म्हणून. बाई साठीच्या, बारा वर्षांची जट. फळकुटासारखी कडक, मागे कंबरेपर्यंत. कात्री शिरेना, तेव्हा मी मुळाशी बोट घालून जागा करत होते. खालची त्वचा पांढरीफटक, ओलसर, ठिकठिकाणी सोललेली. दोन तास लागले. जट खाली आली तेव्हा त्या बाईंनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर मानेवर मागे हात नेला आणि एक बोट फिरवलं, कानापासून कानापर्यंत. बारा वर्षांत तिथे हात लागला नव्हता.

जट आणि लॉक यांतला फरक मला त्या दिवशी हातांनी कळला. जटेत भांगच नसतो. सगळं डोकं एक होऊन जातं, पाणी पोचत नाही, हात पोचत नाही. लॉक्समध्ये प्रत्येक दोन चौकोनांच्या मधे भांग असतो, तिथे बोट जातं, पाणी जातं, वारा लागतो, आठवड्याला डोकं धुता येतं. आणि दुसरा फरक तुम्हाला माहीतच आहे. जट बाईवर लादली जायची. तुम्ही हे स्वतः मागताय, आणि नको झालं तर कापायला कुणाची परवानगी लागणार नाही.

शेवटची एक तयारी बऱ्याच जणी टाळतात, तुम्ही टाळू नका. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी या. मानेवर, वरच्या केसांखाली झाकतील असे तीन लॉक्स मी करून देते, पाऊण मिलिमीटरच्या (०.७५) क्रोशाच्या सुईने. अर्धा तास लागतो. तीन आठवडे ते घेऊन झोपा, न्हा, घामाघूम व्हा. मुळाशी ठणका लागतो का, पुरळ येतं का, वाळायला किती वेळ लागतो, ते लिहून ठेवा. त्या वेळी उकलायचेच झाले तर विंचरून उकलतील. पुढे वर्षभराने ती सोय राहत नाही.

सगळं जमलं तर दोन दिवसांचं काम आहे, दिवसाला पाच-सहा तास. आदल्या दिवशी सकाळी डोकं धुऊन पूर्ण वाळवून या, रात्री नको. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जेवणाचा डबा आणि वेळ दोन्ही मला सांगून ठेवा, मधे थांबू. हेल्मेट सोबत आणा. आणि सासूबाई यायला तयार असतील तर त्यांनाही आणा. पहिले भांग पाडताना मागचा आरसा त्यांच्याच हातात देईन.